फळमाशीच्या मूळपेशीत एखादं जनुक काय करतं, हे शोधायचं कसं?

'हे जनुक बंद केलं आणि मूळपेशी कमी झाल्या.' (मूळपेशी म्हणजे दुभंगून स्वतःसारखी पेशीही आणि ठरावीक काम करणारी पेशीही बनवणारी पेशी.) फळमाशीवरचे बरेच विद्यार्थी-प्रकल्प या वाक्यापर्यंत सहज पोहोचतात आणि तिथेच रुतून बसतात. कारण या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. पेशी कधी कमी झाल्या? बिघाड मूळपेशीत होता की तिच्या शेजाऱ्यांत? आणि कमी झाल्या म्हणजे मेल्या, की वेळेआधीच विशेषीकरणाच्या, म्हणजे ठरावीक काम करणारी पेशी होण्याच्या, वाटेला लागल्या? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की मगच जनुकनियमनाबद्दल तोंड उघडायला हरकत नाही. खालची सगळी कृती याच क्रमाने आखली आहे. माश्या सांभाळायला नुकतीच सुरुवात केलेल्या, पण सूक्ष्मदर्शकाची सवय असलेल्या वाचकाला समोर ठेवून ती लिहिली आहे.

अंडाशयच का

फळमाशीत मूळपेशी अनेक ठिकाणी सापडतात: अंडाशयात, वृषणात, आतड्यात, अळीच्या मेंदूत. सुरुवात मात्र अंडाशयापासून करावी, कारण तिथे मूळपेशीचा पत्ता पक्का असतो. माशीच्या प्रत्येक अंडाशयात साधारण १६ ते २० नळ्या असतात, त्यांना ओव्हेरिओल म्हणतात. प्रत्येक नळीच्या टोकाला जर्मेरियम नावाचा निमुळता भाग असतो, आणि त्याच्या अगदी पुढच्या कडेला, कॅप पेशींना (टोकाशी असलेल्या, मूळपेशींना आधार देणाऱ्या पेशींना) चिकटून, दोन-तीन जननमूळपेशी, म्हणजे अंडी ज्यांपासून बनतात त्या मूळपेशी, बसलेल्या असतात. शरीराच्या इतर बऱ्याच ऊतींत 'ही मूळपेशी आहे' हे सिद्ध करण्यातच अर्धं आयुष्य जातं. इथे ती जागेवरून ओळखता येते.

नियमनाचं गणितही इथे बरंच उलगडलेलं आहे. कॅप पेशींकडून डीपीपी हा संदेशक येतो. त्यामुळे मूळपेशीत मॅड या प्रथिनाला फॉस्फेट जोडलं जातं. ते मेडिआ आणि श्नुरी या जोडीदारांसह विशेषीकरण सुरू करणाऱ्या बॅम या जनुकाच्या दमनकारी तुकड्यावर (जनुक दाबून ठेवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) बसतं आणि बॅम बंद ठेवतं. मूळपेशी दुभंगली की एक लेक कॅप पेशीजवळ राहते, दुसरी एका पेशीएवढ्या अंतरावर जाते. तिथे संदेश क्षीण होतो, बॅम सुरू होतं आणि ती पेशी चार वेळा अर्धवट दुभंगून १६ पेशींचा पुंजका बनवते. त्यातली एक अंडपेशी होते, उरलेल्या १५ तिला पोसतात. एका पेशीच्या अंतरात जनुकाचं 'बंद' ते 'चालू' घडतं, आणि ते एकाच चित्रात दिसतं.

माश्या निवडणं

जनुक बंद करायला गॅल४-यूएएस पद्धत वापरायची. ब्रँड आणि पेरिमन यांनी ती १९९३ साली मांडली आणि आजही फळमाशीचं निम्मं विश्व तिच्यावर चालतं. एका माशीत ठरावीक पेशींतच गॅल४ हे जनुक चालू करणारं प्रथिन बनतं, म्हणजे ही ड्रायव्हर लाइन. दुसऱ्या माशीत यूएएसच्या, म्हणजे गॅल४ जिथे बसतं त्या डीएनएच्या तुकड्याच्या, पुढे तुमच्या जनुकाविरुद्धचा आरएनएआय (त्या जनुकाचा संदेश नष्ट करवणारा आरएनए) असतो. दोन्हींचा क्रॉस (संकर) लावला की पुढच्या पिढीत त्या ठरावीक पेशींतच जनुक दबतं.

जननपेशींसाठी नॅनोस-गॅल४-व्हीपी१६ हा नेहमीचा ड्रायव्हर. पण आरएनएआय लाइन डोळे झाकून मागवू नका. यूएएसटी या वाहकावर (जनुक माशीत घालायला वापरलेल्या डीएनएवर) बसवलेल्या जुन्या लाइन जननपेशींत नीट चालत नाहीत, कारण त्यांतल्या उष्णताप्रथिनाच्या प्रवर्तकाला (जनुक सुरू करणाऱ्या तुकड्याला) जननपेशीतले पायआरएनए हे लहान आरएनए दाबून टाकतात. व्हॅलियम२० किंवा व्हॅलियम२२ या वाहकांवरच्या लहान हेअरपिनच्या (स्वतःवरच दुमडलेल्या, आरएनएआय घडवणाऱ्या आरएनएच्या) लाइन घ्याव्यात. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या फळमाशी-संग्रहात प्रत्येक लाइनच्या नोंदीत वाहकाचं नाव दिलेलं असतं, ते वाचून मगच ऑर्डर द्या.

एकाच जनुकाच्या, वेगवेगळ्या ठिकाणी मारा करणाऱ्या किमान दोन लाइन हव्यात. दोन्हींत तोच परिणाम दिसला तर नेम चुकून दुसरंच जनुक दबल्याची शंका बरीच कमी होते. कंट्रोल म्हणून त्याच वाहकावर, गुणसूत्रावर त्याच जागी बसवलेली आणि माशीत नसलेल्या जनुकाविरुद्धची लाइन घ्या, उदाहरणार्थ एमचेरी किंवा ल्युसिफेरेजविरुद्धची. नुसती जंगली माशी हा या प्रयोगाचा कंट्रोल नव्हे. तिच्यात ना गॅल४ आहे, ना हेअरपिन.

क्रॉस लावणं

व्हर्जिन, म्हणजे समागम न झालेल्या, माद्या गोळा करणं हे काम कंटाळवाणं, पण इथला हलगर्जीपणा पुढे महाग पडतो. २५ अंश सेल्सिअसला कोषातून बाहेर आल्यावर साधारण ८ तास मादी नराला जवळ येऊ देत नाही, १८ अंशांना ही मुदत जवळपास दुप्पट होते. म्हणून बाटली सकाळी पूर्ण रिकामी करायची आणि दुपारी पुन्हा उघडायची. रात्रभर १८ अंशांना ठेवली की सकाळची खेपही बहुधा उपयोगी पडते. नुकतीच बाहेर आलेली मादी फिकट दिसते आणि तिच्या पोटात एक गडद ठिपका दिसतो. हा ठिपका दिसला तर घ्या. शंका असेल तर सोडून द्या.

ड्रायव्हरच्या आठ-दहा व्हर्जिन माद्या आणि आरएनएआय लाइनचे चार-पाच नर एका व्हायलमध्ये पुरतात. कंट्रोलचा क्रॉस त्याच दिवशी, त्याच खाद्याच्या खेपेवर लावा. तीन-चार दिवसांनी पालकांना नव्या व्हायलमध्ये हलवा. २५ अंशांना अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला दहाएक दिवस लागतात, तेव्हा पहिल्या माश्या निघण्याआधी पालक बाहेर गेलेले असले पाहिजेत, नाहीतर आई आणि मुलगी यांत गल्लत होते.

तापमान हे या पद्धतीचं बटण आहे. गॅल४ २९ अंशांना जास्त जोमाने काम करतं, १८ ला मंदावतं. परिणाम फार तीव्र आला, म्हणजे अंडाशय अगदीच चिमूटभर निघालं, तर तापमान उतरवून पाहा. सौम्य आवृत्तीत बऱ्याचदा जास्त शिकायला मिळतं.

निवड करताना बॅलन्सर गुणसूत्राच्या (लाइन टिकवायला वापरलेल्या, दिसणारी खूण असलेल्या गुणसूत्राच्या) खुणा पाहा. सीवायओ असेल तर पंख वळलेले, टीएम३ वर बहुधा स्टबल म्हणजे आखूड जाड केस. या खुणा नसलेल्या माद्या तुमच्या. निवड झटपट आटपा, कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर माश्या उगाच ताटकळत ठेवू नका.

खाऊ घालणं आणि डिसेक्शन

अंडाशयाचा आकार आणि मूळपेशींचा दुभंगण्याचा वेग खाण्यावर अवलंबून असतो, कारण इन्सुलिनसदृश संदेश थेट त्यांच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून काढण्याआधी दोन-तीन दिवस माद्यांना ताज्या खाद्यावर ओल्या यीस्टचा लगदा द्या, सोबत काही नर ठेवा, आणि कंट्रोललाही अगदी तसंच वागवा. एका गटाला यीस्ट आणि दुसऱ्याला नाही, एवढ्या फरकानेही खोटा निकाल तयार होतो.

डिसेक्शन थंड पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या क्षारद्रावणात) किंवा श्नायडर माध्यमात करायचं, टोकदार ५ नंबरच्या दोन चिमट्यांनी. एका चिमट्याने माशीला छाती आणि पोटाच्या सांध्याशी धरायचं, दुसऱ्याने पोटाचं मागचं टोक पकडून सावकाश ओढायचं. अंडाशयांची जोडी बाहेर घसरते. पांढुरकी, अपारदर्शक, फुगीर बाजू म्हणजे तयार अंडी. त्याच्या उलट दिशेचं काचेसारखं निमुळतं टोक म्हणजे जर्मेरियम. नवशिके फुगीर भाग जपतात आणि पारदर्शक टोकं चिमट्याने चुरडतात. हवी आहेत ती टोकंच.

अंडाशयाभोवती स्नायूंचा पातळ पडदा असतो. ताज्या अंडाशयाकडे थोडं थांबून पाहिलंत तर तो आकुंचन पावताना दिसतोही. अँटिबॉडी आत शिरायची तर हा पडदा उघडायला हवा. मागच्या बाजूची मोठी अंडी धरून ठेवा आणि दुसऱ्या चिमट्याच्या टोकाने पुढच्या बाजूला हलकेच विंचरल्यासारखं करा. नळ्या पंख्यासारख्या उलगडल्या की पुरे. या टप्प्यावर त्या पूर्ण वेगळ्या करायला जाऊ नका, टोकं तुटतात.

पहिली माशी उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सगळी अंडाशयं फिक्सेटिव्हमध्ये गेली पाहिजेत. जितक्या माश्या वेळेत होतील तितक्याच घ्या.

रंगवणं

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये २० मिनिटं. मग ०.२ ते ०.३ टक्के ट्रायटन एक्स-१०० घातलेल्या पीबीएसने तीनदा धुवा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं. बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) किंवा गोट सीरमच्या द्रावणात तासभर ब्लॉक करा, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटणार नाही. प्राथमिक अँटिबॉडीत ४ अंशांना रात्रभर, दुसऱ्या दिवशी धुऊन दुय्यम अँटिबॉडीत दोन तास, शेवटी दहा मिनिटं डॅपी, म्हणजे डीएनएचा रंग. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये घालू नका. अंडाशयं आपसूक तळाशी बसतात, तेवढा धीर धरा. पिपेटच्या टोकाला ऊती चिकटू नयेत म्हणून टोक आधी बीएसएच्या द्रावणातून फिरवून घ्या.

तीन खुणा लागतात. वासा या प्रथिनाची अँटिबॉडी सगळ्या जननपेशी दाखवते. १बी१ ही अँटिबॉडी जननपेशींतला एक अंतर्गत भाग दाखवते, गोल असेल तर स्पेक्ट्रोसोम, फांद्या फुटल्या की फ्यूसोम: मूळपेशीत आणि तिच्या पहिल्या लेकीत तो गोल ठिपका असतो, पुंजका वाढेल तसा त्याला फांद्या फुटतात. लॅमिन-सी या प्रथिनाची अँटिबॉडी कॅप पेशींच्या केंद्रकांभोवती कडं दाखवते. १बी१ आणि लॅमिन-सी या दोन्ही उंदराच्या अँटिबॉडी असल्या तरी एकाच रंगात चालून जातात, कारण कडं आणि ठिपका यांत घोटाळा होत नाही.

स्लाइड बनवताना मात्र नळ्या पूर्ण सोडवा आणि मोठी अंडी काढून टाका. ती राहिली तर कव्हरस्लिप त्यांच्यावर टेकते, जर्मेरियम खाली तरंगत राहतात आणि कॉन्फोकलवर एकही चित्र स्पष्ट येत नाही.

मोजणं

मोजायचा निकष मोजणी सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवा: वासा-युक्त, कॅप पेशीला प्रत्यक्ष भिडलेली, आणि स्पेक्ट्रोसोम कॅप पेशीच्या बाजूला असलेली पेशी म्हणजे मूळपेशी. एकाच प्रतलावरून ठरवू नका. साधारण १ मायक्रॉनच्या अंतराने पूर्ण झेड-स्टॅक (एकाखाली एक प्रतलांची चित्रं) घ्या, कारण तिसरी मूळपेशी बहुधा मागे लपलेली असते.

एक बारकावा. मूळपेशी नुकतीच दुभंगलेली असेल तेव्हा दोन्ही लेकी काही काळ जोडलेल्या राहतात आणि स्पेक्ट्रोसोम लांबट होतो, कधी थेट उद्गारचिन्हासारखा दिसतो. 'गोल नाही' म्हणून अशी पेशी यादीतून काढली तर जोमाने दुभंगणाऱ्या जर्मेरियममध्येच तुमचा आकडा घसरतो. आकारापेक्षा कॅप पेशीशी असलेला स्पर्श महत्त्वाचा धरा.

कॅप पेशींपासून दूर असलेल्या गोल ठिपक्यांच्या पेशीही स्वतंत्र रकान्यात मोजा. निरोगी जर्मेरियममध्ये त्या एक-दोनच असतात. त्यांची गर्दी दिसली तर विशेषीकरण अडलं आहे. बॅम नसलेल्या माशीत हेच टोकाला जातं: अख्खं अंडाशय गोल ठिपक्यांच्या पेशींनी भरतं.

फाइलींची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या, म्हणजे मोजताना कोणता गट आहे हे कळणार नाही. प्रत्येक गटात पन्नासच्या वर जर्मेरियम घ्या, आणि ते अनेक माद्यांतले, वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या क्रॉसमधले असावेत. एकाच मादीचे वीस जर्मेरियम हे वीस स्वतंत्र नमुने होत नाहीत.

कधी कमी झाल्या

नॅनोसचा ड्रायव्हर अळीच्याही आधीपासून, आद्य जननपेशींत चालू असतो. त्यामुळे प्रौढ मादीत मूळपेशी दिसल्या नाहीत तर दोन शक्यता उरतात: त्या कधी बसल्याच नाहीत, किंवा बसल्या आणि टिकल्या नाहीत. याचं उत्तर एका वयाच्या माश्यांतून मिळत नाही. कोषातून निघाल्यावर पहिल्या दिवशी, मग ७ व्या आणि १४ व्या दिवशी मोजा. समजा कंट्रोल २.६ वरून २.४ वर आला आणि तुमचा गट २.५ वरून ०.८ वर, तर टिकण्यातच अडचण आहे. पहिल्याच दिवशी ०.७ असेल तर खोट विकासाच्या काळातली. सामान्य माशीत मूळपेशीचा अर्धायुकाल साधारण साडेचार आठवडे असतो, त्यामुळे दोन आठवड्यांत कंट्रोल फार ढासळत असेल तर आधी खाद्य आणि तापमान तपासा.

इथे बरेचजण गॅल८०-टीएस (तापमान वाढलं की निकामी होणारा, गॅल४ ला रोखणारा प्रकार) घालून जनुक फक्त प्रौढावस्थेत बंद करायला जातात. नॅनोस-गॅल४-व्हीपी१६ सोबत ही युक्ती लागू पडत नाही. गॅल८० हे गॅल४ च्या सक्रियक भागाला चिकटून त्याला रोखतं, आणि व्हीपी१६ जोडलेल्या ड्रायव्हरमध्ये तो भागच बदललेला असतो. महिनाभर क्रॉस लावून मग हे उमगण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

कोणत्या पेशीत

शेजाऱ्यांची चौकशी स्वतंत्रपणे करायची. सी५८७-गॅल४ एस्कॉर्ट पेशींत (जननपेशींना वेढणाऱ्या शेजारी पेशींत) चालतो, बॅब१-गॅल४ कॅप पेशींत. यांच्यासोबत गॅल८०-टीएस व्यवस्थित काम करतं: माश्या १८ अंशांना वाढवा, प्रौढ झाल्यावर २९ ला हलवा. शेजाऱ्यांचा प्रभाव किती असतो याचं एक सुरेख उदाहरण आहे. एस्कॉर्ट पेशींत ईजीएफआर या पेशीपृष्ठावरच्या ग्राहकाचा संदेश डॅली या प्रथिनाला दाबून ठेवतो. तो संदेश तोडला की डॅली वाढतं, डीपीपी नको तिथवर पसरतो आणि मूळपेशीसारख्या पेशींची गर्दी होते. जननपेशीतलं एकही जनुक इथे बदललेलं नसतं.

उत्परिवर्ती माशी उपलब्ध असेल तर एफएलपी-एफआरटी पद्धतीने मोझेइक (काही पेशी उत्परिवर्ती, बाकीच्या सामान्य अशी ऊती) करा. प्रौढ मादीला ३७ अंशांचा तासभर शॉक दिला की काही मूळपेशींत जनुक पूर्णपणे जातं आणि त्या पेशींतून जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिनही जातं, म्हणून त्या काळ्या दिसतात. त्याच जर्मेरियममधली हिरवी मूळपेशी हा कंट्रोल. काळ्या मूळपेशी असलेल्या जर्मेरियमचं प्रमाण आठवड्यागणिक किती घटतं ते पाहा. लक्षात असू द्या, एक मूळपेशी निघून गेली की शेजारची कधी कधी आडवी दुभंगून तिची जागा भरते. म्हणून मोझेइकमध्ये एकूण संख्या जशीच्या तशी दिसेल. तिथे काळ्यांचंच प्रमाण मोजायचं.

मेल्या की वेळेआधी पुढे गेल्या

मेल्या असतील तर कापलेल्या कॅस्पेजची (पेशीमृत्यू घडवणाऱ्या विकराची) अँटिबॉडी चमकेल. पुढे गेल्या असतील तर कॅप पेशींना भिडून फांद्या फुटलेला फ्यूसोम दिसेल. असा एखादा जर्मेरियम स्पष्ट टिपता आला तर ते चित्र निम्म्या युक्तिवादाचं काम करतं.

नियमन कोणत्या पातळीवर बिघडलं

आता बॅमकडे वळा, तीन निरीक्षणं एकत्र ठेवून. पी-मॅडची (फॉस्फेट जोडलेल्या मॅडची) अँटिबॉडी: मूळपेशीत डीपीपीचा संदेश पोहोचतो का? बॅमच्या प्रवर्तकापुढे जीएफपी लावलेला रिपोर्टर: बॅमचं लिप्यंतरण (जनुकावरून आरएनए बनणं) चालू झालं का? बॅम प्रथिनाची अँटिबॉडी: प्रथिन बनलं का?

पी-मॅड विझलेला आणि रिपोर्टर उजळलेला असेल तर बिघाड संदेशाच्या मार्गात. पी-मॅड ठीक, तरी रिपोर्टर उजळलेला, तर दमनकारी तुकड्यावर किंवा क्रोमॅटिनमध्ये काहीतरी सुटलं आहे. रिपोर्टर अंधारात, तरी मूळपेशी पुढे जात असतील, तर भाषांतराच्या, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनण्याच्या, पातळीवर पाहा. नॅनोस आणि प्युमिलिओ ही जोडी मूळपेशीत विशेषीकरणाच्या एमआरएनएचं भाषांतर रोखते, बॅमला हात न लावता. हा शेवटचा पर्याय लोक विसरतात, कारण लिप्यंतरणाचे प्रयोग करायला सोपे असतात.

मग तेच जनुक बॅम नसलेल्या माशीत बंद करा. पेशी तरीही पुंजके बनवू लागल्या तर तुमचं जनुक बॅमला वळसा घालणाऱ्या वाटेवर आहे. त्या गोल ठिपक्यांच्याच राहिल्या तर परिणाम बॅममार्फत होतो असं म्हणायला आधार मिळतो.

शेवटी खुंटी हलवून बळकट करायची: हेअरपिनला ओळखता येणार नाही असा, पण तेच प्रथिन बनवणारा ट्रान्सजीन (बाहेरून घातलेलं जनुक) घालून मूळपेशी परत येतात का ते पाहा.

आरएनए-सीक्वेन्सिंगची घाई नको

अख्ख्या अंडाशयाचा आरएनए काढला तर त्यात मूळपेशींचा वाटा नगण्य असतो, बहुतांश माल मोठ्या अंडकोशांचा. वर तुमच्या गटात अंडाशय लहान असेल तर हजारो जनुकं 'बदललेली' दिसतील, आणि ती फक्त पेशींचं प्रमाण बदलल्यामुळे. तुलना सारख्या रचनेच्या ऊतींत करा: दोन्ही गट बॅम नसलेल्या पार्श्वभूमीवर ठेवले की अंडाशय मूळपेशीसदृश पेशींनीच भरलेलं मिळतं. तुमचं प्रथिन डीएनएवर कुठे बसतं हे कट-अँड-रन किंवा टार्गेटेड डॅम-आयडी या पद्धतींनी कळेल. पण बसणं म्हणजे नियमन करणं नव्हे. तो तुकडा रिपोर्टरपुढे लावून, बसण्याची जागा बदललेली आणि न बदललेली अशा दोन आवृत्त्या गुणसूत्रावर एकाच अ‍ॅट-पी (जनुक बसवण्यासाठी आधीच ठरवून ठेवलेल्या) जागी घाला आणि मूळपेशीत फरक दिसतो का ते पाहा.

आतड्याकडे जायचं असेल तर

आतड्यातल्या मूळपेशी २००६ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवल्या. तिथे एस्कार्गो-गॅल४ सोबत गॅल८०-टीएस वापरतात. हा ड्रायव्हर मूळपेशी आणि तिची पहिली लेक दोन्हींत चालतो, म्हणून मूळपेशी ओळखायला डेल्टा या प्रथिनाची अँटिबॉडीही लागते. इथे ठरलेली जागा नाही, त्यामुळे दर वेळी मध्यांत्राच्या मागच्या भागाचा तोच पट्टा निवडा आणि ठरावीक क्षेत्रफळात मोजा. संसर्ग, शिळं खाद्य किंवा वाढतं वय यांनी या पेशी लगेच जास्त दुभंगू लागतात. म्हणून समवयस्क, समागम झालेल्या माद्या घ्या, दर दोन दिवसांनी त्यांना ताज्या व्हायलमध्ये हलवा, आणि एकाही व्हायलमध्ये बुरशी दिसली तर त्यातल्या माश्या मोजणीत धरू नका.